डबलबेलचा गप्प शनिवार

उतारावर सुटलेली बस एक वेळ हात दाखवला तर थांबेल, पण आमच्या आईचं तोंड थांबायचं नाही, असं डबलबेलचा मुलगा म्हणायचा. तो स्वतः फारसं बोलत नसे. त्या घरात त्याला बोलायला जागा मिळणार तरी कधी? बाईने उभा जन्म शहरबसमध्ये कंडक्टर म्हणून काढलेला. "पुढे सरका, दारात लोंबू नका, घरी कुणी वाट बघत नाही का तुमची?" हे ती ज्या आवाजात म्हणायची, त्या आवाजाने झोपलेले उतारू दचकून भलत्याच स्टॉपवर उतरायचे. दोरी दोनदा ओढली की बस सुटते, म्हणून तिचं नाव डबलबेल पडलं, आणि ते इतकं चिकटलं की सून माहेरी गेली तरी "आमच्या डबलबेल कशा आहेत?" असं फोनवर नवऱ्याला विचारायची. निवृत्त झाल्यावर डेपोने गणवेश जमा करून घेतला, चामड्याची पिशवी जमा करून घेतली. घसा तेवढा राहिला तिच्याकडे.

अशी बाई दर शनिवारी संध्याकाळी तासभर पुलावर तोंड शिवून उभी राहते, हे ऐकून डेपोतले जुने लोक पोट धरून हसायचे. हसोत बापडे. त्यांना काय माहीत, त्या एका तासात तिच्या जिवाचं काय होत होतं.

पूल म्हणजे दोन वस्त्यांमधला पूल. अलीकडची वस्ती डबलबेलची, पलीकडची तिच्या ड्रायव्हरची. ती कंडक्टर आणि तो ड्रायव्हर, दोघांनी मिळून एकच बस वर्षानुवर्षं या पुलावरून हाकली. मग काही वर्षांपूर्वी दोन्ही वस्त्यांचं बिनसलं. कशावरून बिनसलं ते अलीकडचे वेगळं सांगतात, पलीकडचे वेगळं, आणि दोघांचंही अर्धं खोटं आहे. त्या दिवशी बस पुलावर होती. अलीकडून भिरकावलेला दगड काच फोडून आत आला आणि ड्रायव्हरचा डावा डोळा घेऊन गेला. तशातही त्या माणसाने बस कठड्याला घासत, पण नीट, कडेला उभी केली. आत माणसं भरलेली होती. एकालाही खरचटलं नाही.

त्या दगडापायी पोलिसांनी एक पोरगा धरला. तो हा नव्हेच, हे ड्रायव्हरला पक्कं ठाऊक होतं, कारण दगड मारणाऱ्याचा चेहरा त्याने समोरून पाहिलेला. दवाखान्यातल्या खाटेवरून तो येईल त्याला सांगत राहिला. पण डोळ्यावर पट्टी बांधलेल्या माणसाने काय पाहिलं, हे कोण विचारायला बसलंय? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. पोरगा बरेच महिने आत राहिला, सुटला, आणि गाव सोडून गेला तो गेलाच. तेव्हापासून बसही पुलापर्यंत येते आणि वळून परत जाते. दोन्हीकडची म्हातारी माणसं गुडघे धरत पूल चालतात.

पुलावर उभं राहायची कल्पना मास्तरीणबाईंची. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आणि दोन्ही वस्त्यांतल्या निम्म्या बायका लहानपणी त्यांच्या हातची छडी खाल्लेल्या, त्यामुळे बोलावलं की यायच्या. पहिल्या वेळी त्यांनी घोषणा दिल्या. घोषणेला तिकडून घोषणा आली, मग इकडून शिवी, मग तिकडून वीट, आणि दूधवाल्या काकूंच्या डोक्याला टाके पडले. पुढे पोलिसांची परवानगी मिळवायला मास्तरीणबाईंनी चपला झिजवल्या. परवानगी मिळाली ती एका अटीवर: उभं राहायचं, पण अवाक्षर काढायचं नाही. बोललात की परवानगी रद्द. त्यावर मास्तरीणबाईंनी आपला एक नियम वाढवला. मान खाली. कुणी काहीही म्हणो, वर बघायचं नाही, कारण डोळ्याला डोळा भिडला की तोंड उघडतंच. शाळा चालवलेली बाई ती, तिला माणसं कळतात.

तेव्हा दर शनिवारी कारखान्याचा संध्याकाळचा भोंगा वाजायला लागला की दोन्हीकडच्या बायका पुलाच्या मधोमध एका ओळीत उभ्या राहायच्या. पुढे एक लांब कापड, त्यावर लिहिलेलं: "आम्हाला शेजार हवा आहे." डबलबेलच्या एका हाताला मास्तरीणबाई, दुसऱ्या हाताला ड्रायव्हरची बायको, जिला ती वहिनी म्हणायची. माना खाली घालून तासभर उभं राहिल्यावर माणसाला दिसणार काय? पाय. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय. तास संपला की कापडाची घडी घालता घालता बायकांची तोंडं एकदम सुटायची. "त्या टपालवाल्याने नवे बूट घेतले, पाहिलेत?" "घेतलेत, पण चावताहेत त्याला, कसा फेंगडा चालत होता." सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्याने कोण बोलायचं, हे सांगायला नको.

एका शनिवारी काय झालं, भोंगा अजून वाजतच होता आणि अलीकडच्या वस्तीतला पंक्चरवाला दोन मित्रांना घेऊन पुलावर आला. पुलाच्या तोंडाशी त्याचं सायकलीच्या पंक्चरचं दुकान, म्हणजे एक पत्रा, एक पंप आणि पाण्याचं घमेलं. पोरगा वाईट नव्हता असं नंतर सगळे म्हणाले. नंतर सगळे म्हणतातच. त्या दिवशी मात्र तो बायकांच्या ओळीपुढे नाचत होता, माकडासारख्या उड्या मारत.

"भोंगा वाजला, बाया मुक्या झाल्या," तो म्हणाला. कुणी मान वर केली नाही. मग तो डबलबेलपुढे येऊन थांबला. "काय डबलबेल, आज तिकीट नाही का फाडायचं? आणि तुझा तो पलीकडचा एकडोळ्या ड्रायव्हर कुठाय? आता गाडी चालवतो का भिंतीवर आपटतो?"

शेजारी वहिनीची मूठ कापडावर आवळली. कापड हललं, तेव्हा डबलबेलला ते कळलं. बस्स. नियम गेला उडत, परवानगी गेली खड्ड्यात. बाईने मान वर केली.

"तुझ्या हातचं पंक्चर घरी पोचेपर्यंत टिकत नाही, आणि तू डोळ्यांची चेष्टा करतोस?" ती म्हणाली, आणि तो आवाज दोन्ही वस्त्यांना ओळखीचा होता. "एका डोळ्याने तो माणूस जे बघतो ना, ते तुला दोन डोळ्यांनी आणि वर चष्मा लावून दिसायचं नाही. त्या दिवशी बसमध्ये तुझी सख्खी आत्या बसली होती, विचार तिला, जिवंत कशी राहिली ते. चल, उतर. पुढचा स्टॉप तुझा नाही."

मित्र हसले ते पंक्चरवाल्यालाच. तो चाट पडला आणि निघून गेला. वाटेने जाणारे दोघेतिघे थांबले होते, तेही पांगले. डबलबेलने मान पुन्हा खाली घातली, पण मास्तरीणबाईंचा श्वास कानावर येत होता. संतापलेल्या शिक्षिकेचा श्वास कसा असतो ते शाळेत गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

तास संपल्यावर मास्तरीणबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "दूधवाल्या काकूंचे टाके विसरलात तुम्ही. आज त्याने वीट उचलली असती तर कुणाच्या डोक्यात पडली असती? तुमच्या नाही. तुम्ही खाली वाकला असता. या वहिनींच्या पडली असती."

डबलबेलला हे फार लागलं, कारण ते खरं होतं. तिने तिथल्या तिथे शब्द दिला: पुन्हा या पुलावर, आभाळ कोसळलं तरी, तोंडातून हूं की चूं काढणार नाही.

त्याच संध्याकाळी अलीकडच्या पोलीस चौकीवर दगडफेक झाली होती. चौकी बाजाराच्या टोकाला, पुलापासून चांगलीच लांब. एका हवालदाराचा खांदा निखळला. दुसऱ्या दिवशी धरपकड सुरू झाली, आणि धरलेल्यांत पंक्चरवालाही होता. सुनेने भाजी निवडता निवडता ही बातमी सांगितली तेव्हा डबलबेल म्हणाली, "बरं झालं, सुंठीवाचून खोकला गेला." दगडफेक किती वाजता झाली ते तिने विचारलं नाही. सुनेनेही सांगितलं नाही. भाजी निवडून झाली.

पुढचा शनिवार आला. भोंगा झाला, ओळ उभी राहिली, माना खाली गेल्या. आणि थोड्या वेळाने ओळीच्या दुसऱ्या टोकाकडून एक बाईचा आवाज ऐकू यायला लागला. ती एकेकीपुढे थांबत होती आणि तेच ते विचारत होती.

"ताई, मागच्या शनिवारी तो इथे होता का हो? भोंगा वाजत होता तेव्हा? काकू, तुम्ही पाहिलंत का? पंक्चरवाला. माझा नवरा. पोलीस म्हणतात भोंग्याच्या वेळी तो चौकीवर दगड मारत होता. तो म्हणतो मी पुलावर बायकांना चिडवत होतो. कुणीतरी सांगा."

कुणी काही बोललं नाही. कसं बोलणार? नियम होता, आणि तो नियम कुणाचं डोकं फुटू नये म्हणून होता. ती एक पाऊल पुढे सरकायची, पुन्हा विचारायची. डबलबेलला तिचे पाय जवळ येताना दिसत होते. टाचा भेगाळलेल्या, पायांत घाईत चढवलेल्या दोन वेगवेगळ्या जोडांच्या चपला. ते पाय तिच्या समोर येऊन थांबले.

"मावशी, त्याचे दोघे मित्र कुठे पसार झाले, पत्ता नाही. माझ्याकडे दुसरं कुणी नाही. तुम्ही डबलबेल ना? तो म्हणाला, डबलबेलला विचार, ती मला बोलली होती. तुम्ही बोलला होतात का त्याला?"

बोलले होते बाई, चांगलं झापलं होतं त्याला. हे सगळं डबलबेलच्या घशापर्यंत आलं. उभ्या आयुष्यात तिने एवढं मोठं वाक्य कधी गिळलं नव्हतं. शेजारी मास्तरीणबाई. मागच्या शनिवारी दिलेला शब्द. तिने दात इतके घट्ट दाबले की दाढ दुखायला लागली, आणि ती गप्प राहिली.

ती मुलगी बराच वेळ तिथेच उभी होती. मग तिने ते कापड वाचलं असावं, कारण ती हळूच म्हणाली, "शेजार हवा आहे म्हणे." त्यात टोमणाही नव्हता. नुसतं वाचून दाखवल्यासारखं म्हणाली आणि गेली.

तास संपताच डबलबेल पुलाच्या तोंडाशी धावली. या वयात, त्या गुडघ्यांनी. दुकानाचा पत्रा बंद होता. मुलगी कुठेच नव्हती. परत आली ती धापा टाकत मास्तरीणबाईंसमोर उभी राहिली.

"मी चौकीवर जाते. तो इथेच होता. मी त्याचं तोंड पाहिलंय, भोंगा वाजत असताना."

मास्तरीणबाई कापडाची घडी घालत होत्या. त्यांचे हात थांबले. "आणि तिथे काय सांगाल? की मूक उभं राहण्याच्या परवानगीत तुम्ही पुलावर भांडलात?"

"जे झालं ते सांगेन."

"मग परवानगी गेली. पुन्हा मिळायची नाही, हे मी तुम्हाला लिहून देते. या बायका आठवड्यातून एकदा एका ओळीत उभ्या राहतात, ते तरी राहतात. ते गेलं की काय उरलं? पलीकडची कोण तुमच्या दारात चहाला येते?" त्यांचा आवाज चिरकला. "मला काय त्या पोराचं वाईट वाटत नाही असं वाटतं का तुम्हाला? पण त्याने दगड मारला नसेल तर उद्या ना परवा सुटेल. आपला पूल सुटला की सुटला."

बाई काही चुकीचं बोलत नव्हत्या, घोडं तिथेच पेंड खात होतं. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. डबलबेलने इतर बायकांकडे पाहिलं. सगळ्यांच्या माना पुन्हा खाली गेल्या होत्या, तास संपला होता तरी.

ती घरी गेली नाही. वहिनीबरोबर पूल उतरून पलीकडे ड्रायव्हरकडे गेली. ड्रायव्हर दारात खुर्ची टाकून बसलेला. दोघं एकमेकांना आजही हुद्द्यानेच हाक मारायची, जणू बस बाहेर उभी आहे.

"या कंडक्टर. चेहरा का असा? उतारू उतरला वाटतं तिकिटाशिवाय."

तिने सगळं सांगितलं. पंक्चरवाला काय म्हणाला, तेही सांगितलं. एकडोळ्या हा शब्द उच्चारताना ती अडखळली, तर तोच म्हणाला, "अहो बोला की, आरशात मी रोज बघतो." वहिनीने पाणी आणलं, ते तसंच राहिलं.

"डोळा गेला त्याचं मला आता काही वाटत नाही, कंडक्टर," तो म्हणाला. "सवय झाली. पण तो पोरगा, ज्याला धरलं होतं. तो मला घरी भेटायला आला होता, सुटल्यावर. म्हणाला, काका, तुम्ही तरी सांगितलंत, बाकी एकानेही नाही. आणि गेला गाव सोडून. त्याचं मला अजून वाटतं. रात्रीच नाही, दिवसासुद्धा वाटतं."

"पण या पंक्चरवाल्याने तुम्हाला..."

"मला काय म्हणाला ते माझं मी बघेन. चौकीवर त्याने दगड मारला का?"

"नाही."

"मग डबल बेल द्या ना. थांबलात कशाला?"

डबलबेलला रडू आलं. तिने ते पदराने पुसलं आणि वहिनीला म्हणाली, "तुमचा नवरा फार शहाणा झालाय, त्याला आवरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चौकीवर एकटी गेली. चौकीच्या फुटक्या काचांवर अजून पुठ्ठे लावलेले होते. पंक्चरवाल्याची बायको बाहेरच्या बाकावर बसलेली होती. डबलबेलला बघून ती उठलीही नाही. डबलबेल तिच्याजवळ जाऊन म्हणाली, "काल मी बोलले नाही. बोलायला हवं होतं. चल आत." मुलगी तिच्याकडे बघत राहिली आणि मग मागोमाग आली.

साहेब तरुण होता, झोप न झालेला. त्याने ऐकून घेतलं. मग पेन खाली ठेवून म्हणाला, "आजी, तुम्ही हे लिहून दिलंत की तुमच्या परवानगीची अट तुम्ही मोडली, हे तुम्हीच लिहून दिल्यासारखं होतं. मला ते वर कळवावं लागेल."

"कळवा."

"आणि तुम्ही दोघं एकाच वस्तीतले. वस्तीतला माणूस वस्तीतल्या माणसाला वाचवायला येतोच. तिथे तुमच्या ओळीत एवढ्या बायका होत्या. दुसऱ्या कुणी पाहिलं त्याला?"

कोण पाहणार? सगळ्यांच्या माना खाली. नियम पाळणाऱ्या एकीनेही त्याचं तोंड पाहिलेलं नव्हतं, आणि पाहिलं होतं ते नियम मोडणारीने. तिच्या एकटीच्या बोलण्याला साहेब किती किंमत देणार, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

तेवढ्यात दारात मास्तरीणबाई दिसल्या. त्यांच्या मागे वहिनी, आणि वहिनीच्या मागे दूधवाल्या काकू आणि बाकीच्या, अलीकडच्या आणि पलीकडच्या मिसळलेल्या. मास्तरीणबाईंचे डोळे सुजलेले होते. वहिनीने सकाळी उठून दारोदार जाऊन सगळ्यांना गोळा केलं, आणि मास्तरीणबाईंकडे सगळ्यांत शेवटी गेली, हे डबलबेलला नंतर कळलं. मास्तरीणबाईंनी डबलबेलकडे बघितलं नाही. साहेबांना म्हणाल्या, "आम्हाला पण सांगायचं आहे."

"तुम्ही पाहिलं त्याला?"

"तोंड नाही पाहिलं. आम्ही माना खाली घालून उभ्या असतो."

साहेब खुर्चीत मागे टेकला. "मग काय पाहिलंत, बाई?"

"पाय," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तो आमच्या पुढ्यात नाचत होता. रबरी चपला होत्या. एकीचा अंगठा तुटलेला, आणि त्याला सायकलच्या ट्यूबची काळी पट्टी गुंडाळलेली."

साहेबाने हवालदाराकडे पाहिलं. कोठडीच्या दाराबाहेर आत टाकलेल्या सगळ्यांच्या चपलांचा ढीग होता. आता साहेबाला बहुधा गंमत वाटली असेल, नाहीतर खरंच खात्री करायची असेल. त्याने त्या चपला ओळीने मांडायला लावल्या, बायकांना बाहेर काढलं आणि एकेकीला आत बोलावलं. एकीने दुसरीशी बोलायचं नाही अशी ताकीद दिली. त्या बायकांना ही ताकीद. बाहेर डबलबेलही हसली.

पहिली वहिनी गेली. ज्या तोंडाने तिच्या नवऱ्याची चेष्टा केली, त्या तोंडाच्या मालकाच्या चपलेपाशी ती थांबली, खाली वाकली, आणि बोट लावून म्हणाली, "ही." मग दूधवाल्या काकू गेल्या. मग पलीकडच्या दोघी. कुणी म्हणालं, "ही ट्यूबवाली." कुणी म्हणालं, "नाचत होता मेला, माझ्या पायावर पाय पडला असता." मास्तरीणबाई शेवटी गेल्या आणि चष्मा पुसून पुन्हा एकदा नीट बघून त्याच चपलेकडे बोट केलं. साहेबाने हवालदाराला विचारलं, या कुणाच्या. आतून पंक्चरवालाच म्हणाला, "माझ्या आहेत, साहेब." त्याचा आवाज फार लहान झाला होता.

सगळ्यांचे जबाब झाले. भोंगा वाजत असताना तो पुलावर होता, असं सगळ्यांनी लिहून दिलं, आणि आपल्यातल्या एकीने तोंड उघडलं होतं, हेही लिहून दिलं. मास्तरीणबाईंनी सही केली तेव्हा त्यांचा हात क्षणभर कागदावरच राहिला. मग त्यांनी पेन पुढच्या बाईच्या हातात दिलं.

संध्याकाळपर्यंत पंक्चरवाला सुटला. परवानगीही सुटली. दोन-चार दिवसांत वरून निरोप आला: यापुढे पुलावर ओळीने उभं राहता येणार नाही.

डबलबेल मास्तरीणबाईंच्या घरी गेली. म्हातारी एकटीच बसलेली होती, कापडाची घडी मांडीवर. "तुमचा पूल मी घालवला," डबलबेल म्हणाली.

"हो, घालवलात," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांनी ते लपवलं नाही. "आणि मला तुमचा राग आलाय, तो काही इतक्यात जायचा नाही. बसा. चहा टाकते."

दोघी चहा पीत बसल्या. थोड्या वेळाने डबलबेल म्हणाली, "बाई, उभं राहायला परवानगी लागते. चालायला लागते का?"

"चालायला कशाला लागेल?"

"आणि चालताना बोलायला?"

मास्तरीणबाईंनी कप खाली ठेवला. छडी शोधत असल्यासारखं त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, आणि त्यांना हसू आलं.

शनिवारी भोंगा झाला आणि पुलावर ओळ दिसली नाही. नुसत्या बायका दिसल्या, दोघीदोघी, एक अलीकडची आणि एक पलीकडची, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालताहेत आणि परत येताहेत, आणि तोंडाचे पट्टे सुटलेत. भाज्यांचे भाव, सुनांच्या तक्रारी, गुडघ्यांची औषधं, बस कधी सुरू होणार. हवालदार कठड्याला टेकून उभा होता. निखळलेल्या खांद्याचा हात अजून गळ्यात अडकवलेला होता. दोन बायका बोलत पूल ओलांडतात, यात गुन्हा कोणता लावायचा, हे त्यालाही कळेना. मान वर असल्यामुळे बायकांना पहिल्यांदाच एकमेकींची तोंडं तासभर बघायला मिळाली. दूधवाल्या काकू म्हणाल्या, "अगं बाई, तुला खळी पडते? पायांवरून कधी वाटलं नव्हतं."

डबलबेल मास्तरीणबाईंबरोबर चालत होती आणि अर्थातच तीच बोलत होती. पुलाच्या मध्यावर आल्यावर तिला पलीकडून ड्रायव्हर येताना दिसला. डोळा गेला त्या दिवसानंतर तो पुलावर आला नव्हता. वहिनीचा हात धरून, डोकं थोडं डावीकडे वळवून, गेलेल्या डोळ्याच्या बाजूने काय येतंय याचा अंदाज घेत तो सावकाश चालत होता. त्या बाजूने सायकली, हातगाड्या सारख्या जात होत्या, आणि प्रत्येक वेळी तो दचकायचा.

पंक्चरवाला आणि त्याची बायको अलीकडून येत होती. बायकोने डबलबेलला पाहून मान हलवली. पंक्चरवाल्याने पाहिलं, आणि डबलबेल वाट बघत उभी राहिली. आता हा काहीतरी म्हणेल. माफी मागेल, निदान "आजी" तरी म्हणेल. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. मग तो तिच्यापुढून तसाच निघून गेला, ती ट्यूबवाली चप्पल फटफटवत, सरळ ड्रायव्हरपर्यंत. तिथे तो क्षणभर थांबला. ड्रायव्हरला तो दिसला नाही, कारण तो त्याच्या डाव्या अंगाला उभा होता.

एक हातगाडी खडखडत आली. पंक्चरवाला काही न बोलता ड्रायव्हरच्या आणि गाडीच्या मध्ये शिरला, त्याने ड्रायव्हरचा कोपर धरला, आणि त्याच बाजूने, रहदारी अंगावर घेत, त्याच्याबरोबर चालायला लागला. ड्रायव्हरने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. हात सोडवून घेतला नाही. तिघं तसेच डबलबेलच्या समोरून अलीकडे गेले.

"हं, मग काय म्हणत होता तुम्ही सुनेचं?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

डबलबेल त्यांच्या पाठमोऱ्या आकृतींकडे बघत राहिली. मास्तरीणबाईंनी पुन्हा विचारलं, मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि विचारायचं सोडलं. पुलाच्या टोकापर्यंत दोघी तशाच चालत गेल्या, आणि डबलबेल एक शब्दही बोलली नाही.